ओनामा : आपल्या परिसरातील अक्षरओळखीची वाटचाल

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ही स्मरणिका प्रसिद्ध होत आहे, ही आपणा सर्वांच्या आनंदाची व अभिमानाची गोष्ट आहे. "जुन्नर-आंबेगाव भागातील जुन्या शिक्षणाविषयी काही लिहा", अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य कापड मोजण्यात आणि रोजकीर्द-खतावणी लिहिण्यात गेले. इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय नव्हे, केवळ आवडीचा. परंतु त्याच सुमारास घराच्या माळ्यावर एक जुनी वही हाती लागली आणि लेखाचा विषय आपोआप मिळाला.

ही वही माझ्या आजोबांच्या दुकानाची. लाल खारव्याच्या पुठ्ठ्याची, लांबट आणि संपूर्ण मोडीत लिहिलेली. आमच्या घरात आज कोणालाही मोडी वाचता येत नाही. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी काही पाने वाचून दाखविली. त्यांत दरमहा एक नोंद होती : मास्तरांस मुलांच्या शिकवणीबद्दल रुपये दोन. दिवाळीच्या महिन्यात रकमेबरोबर धोतरजोडीही खर्ची पडली होती. माझे वडील व चुलते यांना अक्षर शिकविण्यासाठी दुकानाच्या मागील पडवीत मास्तर येत असत, हे मी लहानपणी ऐकले होते. त्याचा लेखी पुरावा असा नव्वद वर्षांनी हाती आला.

आजकाल बालवाडीतील मुलालासुद्धा शिकवणी लावतात, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण शिकवणी ही काही आजची गोष्ट नाही. लहान मुलाला खासगीरीत्या लिहावाचायला शिकविण्याची रीत सरकारी शाळेहून फार जुनी आहे. त्या रीतीचा थोडक्यात मागोवा घ्यावा आणि त्यातून आपणास काही बोध मिळतो का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

ओनामा हा शब्द

एखाद्या कार्याचा आरंभ झाला म्हणजे आपण मराठीत "ओनामा झाला" असे म्हणतो. हा शब्द मुलांच्या पाटीवरून आला आहे. पूर्वी मूल पहिल्या दिवशी "श्रीगणेशाय नमः" लिही आणि त्यामागोमाग "ॐ नमः सिद्धम्" गिरवी. बालजिव्हेने त्याचे "ओनामासीधं" केले आणि त्याचा पुढे नुसता "ओनामा" उरला. आपल्या समाजात हे सिद्ध परमेष्ठींना केलेले वंदन मानले जाते. व्याकरणाचे जाणकार त्याचा संबंध कातंत्र व्याकरणाशी जोडतात. वर्णांचा क्रम हा सिद्धच आहे, अशा अर्थाच्या सूत्राने त्या ग्रंथाचा आरंभ होतो. जैन विद्वानांनी हे व्याकरण शतकानुशतके शिकविले व त्यावर टीका लिहिल्या. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी बौद्ध प्रवाशानेही नोंदवून ठेवले आहे की, येथील मुले सहाव्या वर्षी "सिद्धम्" नावाच्या अक्षरपाठाने शिक्षण सुरू करतात व सुमारे सहा महिन्यांत तो पुरा करतात. अर्थ कोणताही घेतला तरी वैदिक, बौद्ध, जैन अशा सर्व घरांतील मुलांचा पहिला धडा जवळजवळ एकच होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कातंत्र व्याकरणाची जन्मकथा सोमदेवाच्या कथासरित्सागरात आली आहे, आणि ती शिकवणीचीच कथा आहे. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. एक राणी म्हणाली, "मोदकैः", म्हणजे "मा उदकैः", पाण्याने मारू नका. राजाला संधी कळला नाही. त्याने मोदकांची ताटे मागविली. राणी हसली आणि राजा खजील झाला. व्याकरण शिकल्यावाचून अन्नाला शिवणार नाही, अशी त्याची अवस्था झाली. व्याकरण शिकावयास बारा वर्षे लागतात, मी ते सहा वर्षांत शिकवीन, असे गुणाढ्य पंडित म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवितो. शर्ववर्म्याने पैज जिंकली आणि त्यासाठी रचलेले सोपे व्याकरण म्हणजे कातंत्र, अशी ही कथा. "सहा महिन्यांत हमखास" या आजच्या जाहिरातीचे मूळ किती जुने आहे, ते पाहून गंमत वाटते.

ही दंतकथा असली तरी सातवाहन आपल्याला परके नाहीत. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख दोन हजार वर्षांपासून आहे. त्यात यज्ञात दिलेल्या गायींच्या व कार्षापणांच्या संख्या अंकांत कोरल्या आहेत. शून्य नसलेल्या पद्धतीचे ते अंक भारतातील अतिप्राचीन अंकांत गणले जातात. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांतून व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या श्रेणींनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे लिहिणे आणि मोजणे या दोन्ही विद्या आपल्या डोंगरांत कोरलेल्या आहेत.

पंतोजींची शाळा

इंग्रजी अंमल येईपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, मुलांचे शिक्षण पंतोजींकडे असे. त्यासाठी वेगळी इमारत नसे. देवळाची ओवरी, गावची चावडी किंवा एखाद्या सधन गृहस्थाची पडवी हीच शाळा. पंतोजींना सरकारी पगार नव्हता. पालक ऐपतीप्रमाणे पैसे देत, कोणी धान्य, कोणी सणावारी शिधा वा वस्त्र. दहापंधरा मुले एकत्र बसत असली तरी प्रत्येकाचा धडा निराळा असे. त्या अर्थाने ती शाळा कमी आणि शिकवणीच अधिक होती.

शिकण्याचा क्रम ठरलेला होता. प्रथम धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि काडीने अक्षर काढायचे. चुकले की हात फिरवून पुन्हा कोरी. कागद महाग असल्याने मुलाच्या हाती तो फार उशिरा येई. हात वळला की बोरू, शाई आणि कित्ता. आपल्या जुन्नरचा हातकागद तर पेशवाईत नावाजलेला होता. येथील कागदी समाजाच्या कारागिरांनी बनविलेला "जुन्नरी कागद" दफ्तरांत वापरला जाई. बाळबोध अक्षर पोथीसाठी आणि मोडी व्यवहारासाठी, असा दुहेरी अभ्यास असे.

गणितात पाढ्यांवर भर होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. नव्या पिढीला हा शब्दही ठाऊक नसेल, पण माझे वडील साडेतीन वार कापडाची किंमत आणे-पैंसह गिऱ्हाइकाचे वाक्य पुरे होण्याआधी सांगत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू विस्मरणात गेले. सायंकाळी दिवेलागणीला परवचा म्हणण्याची चाल मात्र आमच्या लहानपणीही होती.

या पद्धतीत दोषही होते. छडी सढळ हाताने चाले. अर्थ समजावण्यापेक्षा घोकंपट्टीवर विश्वास अधिक. पण एक गुण मोठा होता. मोठी मुले लहानांना शिकवीत. ही भारतीय रीत डॉ. अँड्र्यू बेल यांनी मद्रासेत पाहिली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात नेली. तेथे ती "मद्रास पद्धती" म्हणून गाजली.

कोणाची मुले शिकत?

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. शहरांत सर्वत्र आणि पुष्कळ खेड्यांत शाळा आहेत, असे त्यांनी त्यात नमूद केले. मात्र त्याचबरोबर, वाचन हे ब्राह्मण, वाणी आणि ज्यांचा हिशेबाशी संबंध येतो अशा शेतकऱ्यांपुरतेच मर्यादित आहे, असेही लिहिले. पुढे १८२९ च्या अहवालात मुंबई इलाख्यात १,७०५ शाळा व सुमारे ३५ हजार विद्यार्थी असल्याची नोंद आहे. त्या वेळी इलाख्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख धरली होती. गावोगावी शाळा होत्या, हे खरे. पण शंभर माणसांमागे एक मूलही शाळेत नव्हते, हेही तितकेच खरे. मुली जवळजवळ नव्हत्याच. अस्पृश्य मानलेल्या समाजाला तर ओवरीवर पाऊलही टाकता येत नव्हते.

महात्मा जोतीराव फुले यांचे प्राथमिक शिक्षण अशाच मराठी शाळेत सुरू झाले होते आणि मध्येच त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. गफ्फार बेग मुन्शी व लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातल्यामुळे ते पुन्हा शिकू लागले. त्याच जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. प्राथमिक शाळेत काय शिकवावे, याच्या त्यांच्या यादीत बाळबोध व मोडी वाचन-लेखन आणि हिशेब हे विषय होते. म्हणजे जी विद्या आमच्या पडव्यांतून दोन रुपये महिन्याने मिळत होती, तीच त्यांनी कुणब्याच्या मुलासाठी मागितली होती.

ती का मागितली, हे समजण्यासाठी सात वर्षे मागे जावे लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तसेच घडले. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते हाती आले की जाळले जात. सावकारांत गुजराती व मारवाडी बरेच होते, आणि त्यांत आपल्या समाजाचे लोकही होते. हे स्मरणिकेत लिहावे की न लिहावे, असा विचार मनात आला. पण इतिहास लिहावयाचा तर सोयीची पाने तेवढी वाचून चालत नाही.

शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. रोख्यावर काय लिहिले, ते त्याला दुसऱ्याने सांगावे लागे. सहीच्या जागी तो नांगराची निशाणी करी. वही लिहिणारा प्रामाणिक असला तरी समोरच्याला खात्री करून घेण्याचे साधन नव्हते, आणि प्रामाणिक नसला तर बोलायलाच नको. सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी साह्य कायदा केला. त्यात रोखे गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करावे, सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, अशी कलमे होती. चांगलीच कलमे होती. पण पावती वाचता येणे ही गोष्ट कायद्याने देता येत नाही, ती शाळेने द्यावी लागते.

आता माझ्या आजोबांच्या वहीकडे पुन्हा वळतो. शिकवणीची नोंद ज्या पानावर आहे, त्यापुढे काही पानांवर गिऱ्हाइकांच्या बाक्या आहेत आणि बाकी कबूल असल्याबद्दल खाली अंगठे उमटविले आहेत. शाई फिकी झाली आहे, पण बोटाच्या रेषा दिसतात. आजोबांनी कोणाला फसविले असेल, असे मला वाटत नाही. घरात तशी आठवण नाही. तरीही एकाच वहीत मास्तरांची फी आणि इतके अंगठे पाहून मी काही वेळ स्तब्ध झालो.

स्नेह्यांनी एका अंगठ्याजवळचे नाव वाचले, तेव्हा मी त्यांना पुन्हा वाचावयास सांगितले. ते माझ्या आजीचे नाव होते. माहेरून आलेली काही रक्कम तिने दुकानात ठेव म्हणून ठेवली होती, तिच्या व्याजाची ती नोंद. मास्तर ज्या पडवीत शिकवीत, तिच्या लगतच स्वयंपाकघर होते. मास्तरांना चहा तीच देत असणार. बाराखडी, पाढे, सगळे तिच्या कानावर रोज पडत होते. तिला कित्येक स्तवने मुखोद्गत होती. पण तिला पाटीवर कोणी बसविले नाही. तिला शिकण्याची इच्छा होती की नव्हती, हे कोणी विचारल्याचेही मला ठाऊक नाही.

पाटील मास्तर

आपल्या समाजाने या बाबतीत काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांच्या आयुष्याचा आरंभ शिकवण्या घेण्याने झाला, हे फारसे सांगितले जात नाही. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिक्षण अर्धवट राहिल्यावर साताऱ्यात ते खासगी शिकवण्या घेऊ लागले व "पाटील मास्तर" म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांनी ठरविले असते तर त्यांचा संसार शिकवण्यांवर सुखाने चालला असता. पण शिकवणी लावू शकणाऱ्याचे मूल शिकते, बाकीच्यांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि सर्व जातिधर्मांची मुले एका वसतिगृहात राहू, जेवू व शिकू लागली. मुलांचे धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, काढून दिले. पुढे संस्थेने जेथे शाळा नव्हती अशा खेड्यांत पाचशेहून अधिक व्हॉलंटरी प्राथमिक शाळा चालविल्या. आंबेगाव तालुक्यात मंचर येथे आज जे महाविद्यालय आहे, तेही रयतेचेच.

आजची शिकवणी

आता वर्तमानाकडे येऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. शाळेतील शिक्षकांनी खासगी शिकवणी घेऊ नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासमध्ये घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण ती पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गांसाठी आहेत. गल्लीतील घरगुती शिकवणी त्यात येत नाही. असर संस्थेच्या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे देऊन शिकवणीस जाणारी मुले २०१८ मध्ये २६.४ टक्के होती, ती २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाली.

माझा स्वतःचा नातू साडेचार वर्षांचा असताना शिकवणीस जाऊ लागला, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. गल्लीतील एक सुशिक्षित गृहिणी सातआठ मुलांना घरी बसवून शिकवितात. प्रत्येकाची पाटी निराळी, प्रत्येकाचा धडा निराळा. त्या मायेने शिकवितात आणि मूल वाचू लागले आहे. शिकवणीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. लहान मुलाला अक्षर लागते ते कोणीतरी त्याच्या शेजारी बसले म्हणजे, ही गोष्ट पंतोजींना ठाऊक होती, ती आजही खरी आहे. प्रश्न एवढाच की, ज्याच्या घरी फी देण्याची ऐपत नाही आणि आईवडिलांनाही वाचता येत नाही, त्याच्या शेजारी कोणी बसावे?

आपल्या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग डोंगराळ आहे. महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची वस्ती तेथे आहे. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. तरीही घरात पुस्तक नसलेले मूल मागे पडते. बाजारपेठेच्या गावांतही हमालांची, शेतमजुरांची, बांधकामावरील मजुरांची मुले अशीच मागे पडतात.

यावर उपाय नाही असे नाही. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी, मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, असे म्हणून अंगणवाडी सुरू केली. पुढे ते कार्य १९५७ मध्ये कोसबाडला गेले. अलीकडे "प्रथम" संस्थेने मुंबई व वडोदरा येथे "बालसखी" हा उपक्रम चालविला. वस्तीतीलच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळात रोज दोन तास वेगळे शिकवी. २००१ ते २००३ या काळात त्याची शास्त्रीय तपासणी झाली आणि मुलांची प्रगती दिसून आली. ती तपासणी करणाऱ्यांतील अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यासाठी मोठी इमारत लागली नाही. शिकविणारी एक ताई, मुलांचा लहान गट आणि रोजचा ठरलेला वेळ, एवढेच लागले.

एक नम्र सूचना

ट्रस्टच्या सभागृहात सकाळी व रात्री कार्यक्रम असतात. दुपारी चार ते सहा ते बहुधा बंद असते. त्या वेळात पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी विनामूल्य वाचन-लेखन वर्ग सुरू करावा, अशी माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे. तो केवळ आपल्या समाजापुरता नसावा. जे मूल दारात येईल, त्याला बसवावे. आपल्या घरांतून पदवीधर सुना व लेकी आहेत. त्यांच्यापैकी चौघी-पाच जणींनी आठवड्यातून एकेक दिवस वाटून घेतला तरी वर्ग चालेल. आपल्या परंपरेत ज्ञानदानाला अन्नदान, औषधदान व अभयदान यांच्या बरोबरीचे स्थान आहे. पाट्या, पेन्सिली व पुस्तके यांचा पहिल्या वर्षाचा खर्च मी माझ्या आजीच्या नावे देण्यास तयार आहे. वर्गाच्या हजेरीपटावर मुलांच्या आईंनीही सही करावी, अंगठा नको. ज्यांना सही येत नाही, त्यांनाही तेथेच बसवावे.

मी इतिहासकार नव्हे, त्यामुळे लेखात काही न्यून राहिले असेल, तर वाचकांनी उदार मनाने ते पदरात घ्यावे. कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.